तळहात उताणा होईना

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी कस्तुरी आधी बेसिनकडे धावली. ओंजळ भरून पाणी तोंडावर मारायचं तिच्या कधीचं मनात होतं. डावा तळहात झटकन उताणा झाला. उजवा मात्र उभाच राहिला आणि सगळं पाणी ओघळून गेलं.

"आई, माझा हात अडकलाय!"

मल्लखांबावरून पडताना तिने हात जमिनीवर टेकला होता आणि कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती. आता ती सांधली होती. कोपर वाकत होतं, मनगटही हलत होतं. मग अडलं कुठे?

आईने तिला मिरजेच्या उपचार केंद्रात धनूकडे नेलं. धनू हा यंत्रमानव. आखडलेले सांधे मोकळे करायला शिकवणं हे त्याचं काम.

"तळहात वर कर बघू," तो म्हणाला.

कस्तुरीने कोपर पोटाकडे ओढलं, अंग उजवीकडे झुकवलं आणि म्हणाली, "झाला!"

"ही लबाडी आहे," धनू म्हणाला. "हे काम तू खांद्याकडून आणि कमरेकडून करून घेतलंस. खांदा हा उखळीचा सांधा (वाटीत बसलेला गोळा). वाटी उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो. आणि उथळ म्हणूनच खांदा पटकन निखळतोही (गोळा वाटीबाहेर सटकतो)."

"आमच्या मल्लखांबाच्या वर्गातल्या समरचा निखळला होता! मग तळहात कोण वळवतं? कोपर?"

"कोपर मुख्यतः बिजागरीसारखं उघडतं, मिटतं. आईचा हात मनगटाच्या जरा वर धर आणि तूच शोध."

आईने कोपर कुशीला चिकटवलं आणि तळहात उताणा, पालथा केला. कस्तुरीचे डोळे विस्फारले.

"करंगळीकडचं हाड जवळजवळ जागेवरच आहे. अंगठ्याकडचं त्याच्यावरून पलीकडे जातंय!"

"बरोबर. उताण्या हातात दोन्ही हाडं शेजारी शेजारी असतात. पालथा केला की त्यांची फुली होते. त्यासाठी खिळीचे सांधे (हाडाला जागच्या जागी फिरू देणारे) लागतात. एक कोपरापाशी, एक मनगटापाशी. प्लॅस्टरमध्ये ते गप्प बसून होते, म्हणून आखडले."

कस्तुरी प्रयत्न करू लागली. तळहात जरासा वळला आणि कळ आली.

"तुला काय जातं सांगायला?" ती रडवेली झाली. "तुला दुखतं का कधी?"

"नाही दुखत," धनू म्हणाला. "म्हणून तर तूच सांगायचंस. ताण बसला की चालेल, कळ आली की थांबायचं."

त्यानंतर ती रोज कोपर कुशीला लावून बसायची. काही दिवस काहीच फरक दिसेना, तेव्हा मल्लखांब सुटला म्हणून ती उशीत तोंड खुपसून रडलीही. पण हात वळत गेला, तिळातिळाने. पावसाळा सरता सरता तो पुरता उताणा झाला, आणि डॉक्टरांनी तिला पुन्हा मल्लखांबावर चढायला परवानगी दिली.

ती धनूला सांगायला धावत आली. "तुझ्या हातातही फुली होते का रे?"

"नाही. माझ्यात चाक आहे. ते गोल गोल कितीही फिरतं."

"म्हणजे तुझा हात माझ्याहून भारी!"

"पण तो मोडला की तसाच पडून राहतो," धनू म्हणाला. "तुझा आतून आपला आपण सांधला. तसा हात अजून कुणाला बनवता आलेला नाही."

कस्तुरीने त्याचा थंडगार पंजा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"थांब जरा," ती म्हणाली, "मला मोठी होऊ दे."