मंदाकिनीबाईंचा खोकला

तिसऱ्या अंकात, ऐन रंगात आलेल्या प्रवेशात मंदाकिनी तेंडोलकर खोकल्या आणि काचेपलीकडे बसलेल्या शर्वरीच्या काळजात धस्स झालं. मंदाकिनीबाई जाऊन एकवीस वर्षं झाली होती. मेलेलं माणूस खोकतं कसं हो?

पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत उभं होतं ते बाईंचं देहप्रतिरूप. नुसतं चित्र नव्हे. संगणकात पेशी-पेशी जुळवून रचलेलं शरीर, छातीत हवा भरून गळ्यातून आवाज काढणारं. अकाली गेलेल्या नट्यांची अर्धी राहिलेली नाटकं पुरी करायची, असा या मंडळींनी घाट घातला होता. शर्वरी स्वतः नटी, फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेलेल्या मंदाकिनीबाईंची एकुलती लेक. तिची अट एकच होती: आई निरोगी हवी.

"शब्द दिला होतात ना मला?" ती कडाडली. "तो मेला रोग परत कशाला आणलात? जन्मात सिगारेटला हात लावला नाही तिनं, तरी लोक म्हणालेच, नटी म्हणजे ओढत असणार! आता तुम्हीही तिचा पिच्छा सोडू नका!"

हे सगळं रचणारे डॉ. उमराणीकर घाईघाईनं पुढे आले. "बाई, शपथेवर सांगतो, आजार आम्ही घातलेला नाही."

छातीच्या तज्ज्ञ डॉ. नसीमा मुल्ला शेजारीच होत्या. त्यांनी पडद्यावर प्रतिरूपाचं फुप्फुस उघडलं. उजवीकडे, वरच्या बाजूला, चांगली लिंबाएवढी गाठ होती.

"घातली नाहीत, मग आली कुठून?" त्यांनी उमराणीकरांना विचारलं.

"तेच कळेना. प्रतिरूप टिकतं का हे बघायला आम्ही त्याचा काळ पळवतो. आपला एक आठवडा म्हणजे त्याची पाच वर्षं, आणि याला आजच आठवडा झाला. शरीराचे नियम तेच, वेग तेवढा वाढवलेला."

"मग बी मुळातच असणार. काळ मागे न्या बघू."

उमराणीकरांनी काळ मागे नेला. लिंबाची सुपारी झाली, सुपारीचा वाटाणा. अगदी पहिल्या दिवशीही बारीक ठिपका होताच.

"ही फुप्फुसं कुणाची?" डॉ. मुल्लांनी विचारलं. "मंदाकिनीबाईंची म्हणू नका. त्यांची गाठ डावीकडे होती."

"बाईंच्या सगळ्या तपासण्या आजारपणातल्या हो. निरोगी छाती कुठे नोंदलेलीच नाही. मग नात्यातली, त्याच बांध्याची..." उमराणीकर अडखळले. शर्वरीकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

शर्वरीनं नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आईचा श्वास जुळवायला तुमच्या छातीचं माप लागेल, असं सांगून गेल्याच महिन्यात त्यांनी तिला यंत्रात झोपवलं होतं.

"तो स्कॅन कुणी वाचला होता?" डॉ. मुल्ला गरजल्या.

"वाचायचा कशाला? आम्हाला आकार हवा होता."

"अहो, कमाल करता! जित्या माणसाची छाती होती ती!"

"पण मला काहीच होत नाहीये," शर्वरी पुटपुटली. ना कळ, ना खोकला. सकाळीच तिनं तासभर तालीम केली होती.

"म्हणूनच नशीब समजा," डॉ. मुल्लांनी तिचा हात घट्ट धरला. "आपण बघितलं ते पाच वर्षांनंतरचं. आज तो नुसता ठिपका आहे, बहुतेक काढून टाकता येईल. पण आजच दाखल व्हा. उद्यावर ढकलू नका."

तेवढ्यात शर्वरीचा फोन वाजला. आज रात्री तिचा प्रयोग होता, त्या नाटकाचे व्यवस्थापक दाभोळकाका होते. "पोरी, निघालीस का? हाऊसफुल्लची पाटी लागलीय!"

'निघालेच' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तिनं तो गिळला. "आजचा प्रयोग रद्द करा, काका."

"अगं, वेड लागलं का तुला? तुझी आई तापानं फणफणत असली तरी उभी राहायची!"

"उभी राहायची. अख्खा हंगाम खोकला दाबून उभी राहिली. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते."

काका हळूच म्हणाले, "लोकांना काय सांगू गं?"

"सांगा, मला बरं नाही."

फोन ठेवला आणि तिला हुंदका आवरेना. एवढंच वाक्य आईनं एकदा, एकदाच म्हटलं असतं तर!