कमरेच्या पट्ट्याचं निमित्त

"पट्टा उलटा बांधलाय तुम्ही."

बंदरावरच्या दुकानात खालच्या फळीवरच्या पिठाच्या पिशवीकडे मी नुसता बघत उभा होतो. वाकायचं धाडस होत नव्हतं. वळून पाहिलं, तर पिवळा रेनकोट, गालाला चिकटलेले ओले केस आणि हसू दाबणारी एक मुलगी.

"कोणी शिकवलं असं बांधायला?"

"मावसभावानं."

"डॉक्टर आहेत का ते?"

"नाही... बोटी रंगवतो."

ती ओडील. आमच्या गावच्या दवाखान्यात कमरेचे, गुडघ्याचे पट्टे बसवून द्यायची. मी लॉब्स्टरच्या बोटीवर सापळे ओढायचो. दोन वर्षं कंबर ठणकत होती. तिनं तिथंच, स्वेटरवरूनच, पट्टा सोडून सरळ बांधला. "श्वास घ्या..." म्हणाली. मी घेतला. सोडायचं राहूनच गेलं.

तिला जाऊन सात महिने झाले. तिचं बोलणं विसरायच्या आत लिहून ठेवतोय.

मी तिच्या दवाखान्यात जाऊ लागलो. महिन्याभरानं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता रोज तासभर पट्टा काढून चालायचं, मग दोन तास. सगळा भार पट्ट्यावर टाकला की कंबर आळशी होते. दुखणं आटोक्यात आलं की पट्टा बंद, इथं येणंही बंद."

बाहेर ओडील म्हणाली, "एकटे चालायला घाबरता?"

"कंटाळतो."

"मी पाचला सुटते..." एवढं बोलून तिनं कागदांत डोकं खुपसलं.

मग रोज पाचला आम्ही धक्क्यावर. धुकं, ओल्या दोरांचा वास, आणि मी वाकडा चाललो की तिच्या कोपराचा हलकासा धक्का. ऑक्टोबरात मात्र घोटाळा झाला. दुखणं जवळजवळ थांबलं! आता कुठल्या तोंडानं पाचला दारात उभं राहायचं? मी पट्टा बांधूनच जाऊ लागलो. "आज जरा जास्तच धरलीय," म्हणून कण्हायचो.

एका संध्याकाळी वाऱ्यानं तिची टोपी उडाली. मी धावलो, पाण्यात पडायच्या आत वाकून उचलली, ताठ उभा राहिलो... आणि मग कण्हायचं आठवलं.

ओडील कमरेवर हात ठेवून उभी होती.

"कधीपासून दुखत नाही?"

"...अकरा दिवस."

"मला वाटलं, चौदा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तू यायचा थांबला असतास."

माझ्या हातात अजून तिची टोपी होती. "ओडील, मला... तू आवडतेस."

"कमरेपेक्षा जास्त?"

"खूपच जास्त."

टोपी घेऊन तिनं नीट डोक्यावर बसवली. कान लाल झाले होते तिचे.

"रविवारी आईकडे जेवायला ये. आणि तिच्यासमोर कण्हू नकोस हं. आजारी जावई तिला चालणार नाही."

"जावई?"

ती केव्हाच पुढे निघाली होती.