शंभर न्यूटनचा जोर

फतेगंजच्या क्लासच्या जिन्यात ती अचानक समोर आली. हातात कागदांचा गठ्ठा, ओठांवर मिश्किल हसू.

“नवे फिजिक्सचे सर ना तुम्ही?”

इंद्रनील नंदेसरीच्या कारखान्यात ऑपरेटर होता. बारावीला फिजिक्सनंच त्याला आपटलं होतं. आता सव्विसाव्या वर्षी डिप्लोमासाठी त्यानं याच क्लासात नाव घातलं होतं. पण ते डोळे... तो चक्क “हो” म्हणून बसला!

“मी मालविका. केमिस्ट्री शिकवते. पोरांचं एक गणित अडलंय, जरा सांगता?”

आता मागे कसं फिरणार? तो तिच्यामागून वर्गात गेला. फळ्यावर लिहिलं होतं – ट्रॉलीचं वस्तुमान दोनशे किलो, जोर शंभर न्यूटन, घर्षण साठ. त्वरण किती?

त्यानं घाम पुसला आणि शंभर गुणिले दोनशे केलं. वीस हजार!

“सर, ट्रॉली तो चांद पर पहोंची गई!” ओजस नावाचा मुलगा ओरडला. वर्ग खदखदून हसला. इंद्रनीलनं खडू ठेवला आणि तो खाली मान घालून बाहेर पडला.

आठवडाभर तो तिकडे फिरकला नाही. आठवलं की एकटा असतानाही कान तापायचे. अखेर न राहवून गेला. मालविका रिकाम्या वर्गात वह्या तपासत होती.

“मी सर नाही,” तो दारातूनच म्हणाला. “नापास झालेला विद्यार्थी आहे. खोटं बोललो... माफ करा.”

तिनं वर पाहिलंच नाही. “मला माहीत होतं. त्या दिवशी तुमचा फॉर्म माझ्याच हातात होता, फोटोसकट. मी गंमत केली. तुम्ही ‘हो’ म्हणालात आणि मला चेव आला. फळ्यापाशी पाठवायला नको होतं. लाज मलाच वाटायला हवी... वाटतेय.”

मग तिनं बाक सरकवला. “बसा. कारखान्यात ट्रॉली ढकलता ना? चाक अडतं?”

“रोज.”

“मग जेवढं अडतं तेवढं जोरातून वजा करा. उरलेल्याला वस्तुमानानं भागा.”

“चाळीस भागिले दोनशे... शून्य दशांश दोन?”

“बरोबर!” ती हसली, आणि त्याला पुन्हा घाम फुटला.

“पण ‘हो’ का म्हणालात?”

“नाही म्हटलं असतं तर... तुम्ही पुढे निघून गेला असता.”

तिच्या हातातलं लाल पेन वहीवर नुसतंच थांबलं.

“रविवारी सातला मी कमाटीबागेत फिरायला जाते,” ती हळूच म्हणाली.

“मी... येऊ?”

“मग वेळ कशाला सांगितली?”