टिटवी म्हणाली, उंची शून्य

टिटवी आभाळात इतकी उंच गेली की डोळ्यांवर हात धरूनही दिसेना. आणि तिच्या पोटातला संगणक मात्र सांगत होता की आपण जमिनीवरून हललोच नाही.

वाघदऱ्याच्या शाळेतल्या शलाका आणि तन्वीरसमोर हे कोडं पडलं ते दसऱ्याच्या दिवशी. टिटवी म्हणजे त्यांचं रॉकेट, माणसाच्या उंचीचं आणि पिवळ्या परांचं. शाळांना मोठी मॉडेल रॉकेटं उडवायची परवानगी मिळाली, त्यानंतरच्या काळातली ही गोष्ट आहे. तेव्हा दर दसऱ्याला सोनसळीच्या माळावर रॉकेटांचा मेळावा भरायचा. सीमोल्लंघनाला वेस ओलांडायचीच आहे, तर मग ती सरळ वरच्या दिशेनं का ओलांडू नये, असा त्यामागचा विचार होता.

टिटवी वर गेली ती अगदी दृष्ट लागण्यासारखी. वर पोचल्यावर तिची छत्री (पॅराशूट) उघडायची होती. ती उघडलीच नाही. टिटवी नाक खाली करून आली आणि माळात अर्ध्यापर्यंत रुतली. रॉकेटं पडतात त्या भागात कुणाला फिरकू देत नाहीत, म्हणून कुणाला लागलं नाही. पण तन्वीर शिकलगारचा चेहरा बघवत नव्हता. टिटवीचा उड्डाण-संगणक (रॉकेट कुठे आहे ते ओळखून योग्य वेळी छत्री उघडायला लावणारं, बिस्किटाएवढं यंत्र) त्यानं जोडला होता आणि त्याचा प्रोग्रॅमही त्यानंच लिहिला होता. शाळेतली बाकीची मुलं त्याला काही बोलली नाहीत, पण न बोलताही पुष्कळ बोलता येतं.

"मी आता प्रोग्रॅमला हात लावणार नाही," तन्वीर शलाकाला म्हणाला. "सरांना सांग, दुसरं कुणीतरी बघा."

टिटवीचं अंग, पर आणि छत्र्या शलाकानं केल्या होत्या, पण डोकं तन्वीरचं होतं. तन्वीरशिवाय रॉकेट करायचं ही कल्पनाच तिला सहन होईना. रॉकेट दुसरं करता येतं, तन्वीर दुसरा कुठून आणायचा?

तशी दुसरी टिटवी त्यांच्याकडे तयार होती. अगदी पहिलीसारखीच, जुळी बहीण म्हणा ना. ती नीट उडून खाली आली, तर तन्वीरचं मन बदलेल अशी शलाकाला आशा होती. पण मध्ये दक्ष उभा होता.

दक्ष हा मेळाव्याचा सुरक्षा-अधिकारी. तो यंत्रमानव होता. त्याला पायांच्या जागी ट्रॅक्टरची चाकं होती आणि स्वभाव शाळेच्या हेडमास्तरांचा होता. ज्यांचं रॉकेट पडलं, त्यांनी ते का पडलं हे शोधून काढल्याशिवाय तो दुसरं उडवू देत नसे. दुपारी माळावर वारं सुटलं की मेळावा बंद होई. तेवढाच वेळ हाताशी होता.

त्यांचे मगदूम सर म्हणाले की एखादी वायर सुटली असेल.

"'असेल' हे कारण नव्हे," दक्ष म्हणाला. "संगणक आणा."

सुदैवानं संगणक शाबूत होता. उड्डाण संपलं की जास्तीत जास्त उंची किती गाठली ते तो पीप पीप करून सांगतो. हा एकच लांबट सूर काढत होता, आणि त्याचा अर्थ होता शून्य. दक्षनं त्याची स्मृती वाचून पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. संगणकाला दोन ज्ञानेंद्रियं होती. एक होता त्वरणमापक, म्हणजे वेग किती झपाट्यानं बदलतो ते ओळखणारा. बस एकदम सुटली की आपण सीटवर मागे दाबले जातो, तो दाब ओळखावा तसं त्याचं काम. त्याच्या रेषेत सुरुवातीलाच मोठा उंचवटा दिसत होता. रॉकेट सुटलं हे त्याला नक्की कळलं होतं. दुसरा होता वायुदाबमापक, आणि त्याची रेषा मात्र पट्टीनं आखावी तशी सरळ होती.

हवेच्या दाबावरून उंची कशी कळते, हे दक्षनं शलाकाला विचारलं. शलाकानं माहीत नाही अशी मान हलवली. ते तन्वीरचं खातं होतं. तन्वीर जमिनीकडे बघत होता, पण विषय आवडीचा निघाल्यावर त्याला गप्प बसवेना.

"लग्नघरात गाद्यांची चळत रचतात ना," तो म्हणाला. "सगळ्यात खालच्या गादीवर सगळ्यांचं ओझं. वरच्या गादीवर काहीच नाही. हवेचं तसंच आहे. आपण तळाला राहतो म्हणून आपल्यावर जास्त दाब. वर जाईल तसा तो कमी होतो."

म्हणजे रॉकेट वर चाललं की दाब उतरत जातो. संगणक तो सेकंदात कितीतरी वेळा मोजतो. उतरतोय, उतरतोय, आणि मग एका क्षणी उतरायचा थांबतो आणि वाढायला लागतो. तोच शिरोबिंदू (उड्डाणाची सगळ्यात उंच जागा). तिथं रॉकेट क्षणभर जवळजवळ थांबलेलं असतं, म्हणून छत्री उघडायला ती जागा उत्तम. संगणक एका बारीक तारेतून वीज सोडतो, तार तापते, चिमूटभर फटाक्याची दारू पेटते, आणि तिच्या वायूच्या रेट्यानं नाकाडाची टोपी उडून आतली छोटी छत्री बाहेर पडते. मोठी छत्री तिथंच उघडली तर वारा रॉकेटला शेजारच्या तालुक्यात नेऊन सोडेल. म्हणून छोटी छत्री रॉकेटला झपझप खाली आणते आणि जमीन जवळ आल्यावरच मोठी उघडते. हे सगळं शलाकाला आज पहिल्यांदाच सलग कळत होतं, आणि इतके दिवस आपण हे विचारलं कसं नाही याचं तिला नवल वाटलं.

"मग नुसत्या धक्क्यावरून छत्री का नाही उघडली?" तिनं विचारलं.

तन्वीर म्हणाला की त्यानंच प्रोग्रॅममध्ये तशी अट घातली होती. दोन्ही साक्षीदारांचं एकमत झाल्याशिवाय छत्री उघडायची नाही. नाहीतर रॉकेट उचलून नेताना कुणी ठेचकाळलं तरी ते कडेवरच फुटायचं.

"अट योग्य आहे," दक्ष म्हणाला. "आता मला सांगा, वायुदाबमापक खोटं बोलला, की त्याच्यापर्यंत जे पोचलं ते त्यानं खरं सांगितलं?"

हा प्रश्न शलाकाच्या डोक्यात घुमत राहिला. दक्षनं मापक तपासला होता. नळीनं थोडी हवा ओढली की तो लगेच बरोबर आकडा दाखवत होता. मग आभाळात जाऊन याला जमिनीचाच दाब कसा काय जाणवला?

विचार करकरून तिला भूक लागली. तिनं दप्तरातून वेफर्सची पुडी काढली. पुडी टम्म फुगली होती. खालच्या गावात घेतली तेव्हा ती चांगली चपटी होती. शलाका ती फोडायला गेली आणि तिचा हात तसाच राहिला.

घाट चढून माळावर येताना कान दडपतात, आणि बंद पुड्या फुगतात. बाहेरच्या हवेचा दाब कमी झालेला असतो, पण पुडीतली हवा खालच्या गावात भरलेली. ती आतच कोंडलेली. आपण घाट चढलो हे तिला कळणारच कसं?

"तन्वीर, मापकाला बाहेरची हवा कुठून मिळते?"

"कुठून म्हणजे? भोकांतून. टिटवीच्या कमरेला तीन बारीक भोकं पाडलीत की मी. समान अंतरावर."

शलाका धावतच दुसऱ्या टिटवीपाशी गेली. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. शाळेत सगळ्या हत्यारांची पूजा झाली होती. करवत, ड्रिल, सोल्डरिंग आयर्न आणि दोन्ही टिटव्या. हळदकुंकू लावायचं काम शलाकाकडे होतं. प्रत्येक टिटवीच्या कमरेला सारख्या अंतरावर तीन बारीक ठिपके तिला दिसले होते. टिळे कुठे लावायचे ते कुणीतरी आधीच आखून ठेवलंय असं वाटून तिनं कौतुकानं बरोबर त्यांच्यावरच ओल्या कुंकवाचे तीन ठसठशीत टिळे लावले होते. रात्रीत ते वाळून घट्ट झाले होते. सकाळी ते सगळ्यांनी पाहिले होते. पण दसऱ्याला कुंकू कशावर नसतं? म्हणून कुणाच्या डोळ्यांत ते भरलंच नव्हतं.

तिनं नखानं एक टिळा खरवडला. खाली भोक होतं, काठोकाठ बुजलेलं.

आता हे सांगायचं तर सगळ्या शाळांसमोर सांगावं लागणार होतं. कारण दक्षला कारण सांगायचं ते कर्ण्यावरून, असा मेळाव्याचा नियम होता. शलाकाला क्षणभर वाटलं, गुपचूप ओल्या फडक्यानं पुसून टाकावं आणि एखादी वायर सुटली होती म्हणून सांगावं. मग दोष तन्वीरच्याच माथी राहिला असता. ते तिला नको होतं. तिनं कर्णा हातात घेतला आणि सगळं सांगितलं. "छत्री न उघडण्यात तन्वीरच्या संगणकाची काही चूक नव्हती. त्याचं नाक मी बुजवलं होतं. पुडीत कोंडलेल्या हवेसारखी त्याच्या भोवतीची हवा जमिनीवरचीच राहिली, म्हणून तो शून्य म्हणाला. तो खरंच बोलत होता."

माळावर हशा पिकला. शेजारच्या मांडवातला एक उंचेला मुलगा तर पोट धरून हसत होता. शलाकाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

दक्ष मात्र हसला नाही. त्यानं लाल निशाण वर केलं आणि सगळी उड्डाणं थांबवली. "काल ज्यांनी ज्यांनी पूजा केली," तो म्हणाला, "त्यांनी आपापल्या रॉकेटची भोकं बघावीत."

हशा हळूहळू विरला. मुलं आपल्या रॉकेटांवर ओणवी झाली. मग एका मांडवातून कुणीतरी टाचणी मागितली, दुसऱ्यातून ओलं फडकं. एका रॉकेटच्या भोकात गंध होतं, एकाच्यावर झेंडूचं तोरण दोऱ्यानं घट्ट बांधलेलं होतं. उंचेल्या मुलाच्या रॉकेटला तर कुंकवाचे पाच टिळे होते, आणि ते नीट बघितल्यावर तो खाली बसला. त्याचंच रॉकेट पुढच्या पाळीला उडणार होतं.

शलाकानं वळून पाहिलं तर तन्वीर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"चूक तुझ्या एकटीची नाही," तो मान वर न करता म्हणाला. "मी भोकं पाडली आणि ती कशाला आहेत ते तुला सांगितलंच नाही. आणि उद्या तिथं कुंभारमाशीनं घर केलं तर? प्रोग्रॅमनं नुसतं हातावर हात ठेवून बसायचं? मी तिसरा साक्षीदार घालतोय. घड्याळ. धक्का बसला, मोटार विझली, आणि ठरलेला वेळ उलटूनही वायुदाबमापक गप्पच राहिला, तर घड्याळाचं ऐकायचं."

शलाकानं तिन्ही भोकं सुईनं मोकळी केली आणि फुंकर मारून पाहिली. दक्षनं दोघांचं काम तपासलं, आणि वारं सुटायच्या आत हिरवं निशाण वर गेलं.

दुसरी टिटवी सुटली. आवाज छातीत घुमला. ती गेली, बारीक झाली, ठिपका झाली, आणि मोटार विझल्यावर सगळीकडे इतकी शांतता पसरली की माळावरचं गवत हलताना ऐकू यावं. शलाकानं तन्वीरचं मनगट घट्ट धरलं होतं. छत्री अजून दिसत नव्हती. मग त्या ठिपक्याजवळ केशरी रंगाचा एक कण फुलला, आणि पाठोपाठ फट् असा लहानसा आवाज खाली पोचला. छोटी छत्री. टिटवी झपझप खाली येऊ लागली आणि जमीन जवळ आल्यावर मोठी छत्रीही फुलली. मेळाव्यानं एकच जल्लोष केला. शलाका तर नाचायलाच लागली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं पुसलंही नाही.

टिटवी गवतात अलगद टेकली. दक्षनं परवानगी दिल्यावर दोघं तिकडे धावत सुटली. तन्वीर पुढे होता. मध्येच तो थबकला आणि वळला.

"शलाका, चंद्रावर हवाच नाही. म्हणजे दाब नाही. तिथं उतरताना यानाला आपली उंची कशावरून कळत असेल गं?"

"आणि हवा नाही म्हणजे छत्रीचाही उपयोग नाही," शलाका धापा टाकत म्हणाली. "मग थांबायचं कशानं?"

"खाली प्रकाश सोडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. त्याचा प्रोग्रॅम मी लिहितो. थांबायचं कशानं ते तू बघ."

सकाळी हा मुलगा प्रोग्रॅमला हात लावणार नव्हता. शलाकानं त्याला त्या बोलण्याची आठवण करून दिली नाही. ती म्हणाली, "बघते," आणि त्याच्या पुढे पळाली.