चंद्रावरची पकड

सकाळी नऊ वाजता वळूने चैतीला फरफटत मध्यरेषेपलीकडे नेले आणि सोनतळ संघाचा आणखी एक गडी बाद झाला.

वळू हा यंत्रमानव. सोनतळ ही चंद्रावरची वस्ती, आणि तिथल्या गोदामात पेटारे वाहणे हे त्याचे रोजचे काम. बांध्याने तो मोठ्या मुलाएवढा. फावल्या वेळात मुलांनी त्याला कबड्डीतली चढाई शिकवली होती, आणि तो ती फारच चांगली शिकला होता. चैतीने त्याचा डावा घोटा दोन्ही हातांनी अचूक धरला होता. पकडीत काही चूक नव्हती. तरीही तो तिला रिकाम्या पिशवीसारखा घेऊन गेला.

"बाद," वळू म्हणाला आणि तिला उठवायला त्याने हात पुढे केला.

"कळलं रे मला," चैती म्हणाली. ती आपली आपण उठली.

आज संध्याकाळी निकाल लागायचा होता. वस्तीचे व्यवस्थापक सबनीस यांना मुलांचे मैदान असलेले हे सभागृह बियाण्यांच्या कोठारासाठी हवे होते. माणूस दुष्ट नव्हता, त्यांचा मुद्दा साधा होता. "चंद्रावर चढाई करणारा दर वेळी सुटतो," ते म्हणाले होते, "बचाव कधीच जिंकत नसेल तर तो खेळ कसला? तुम्ही वळूला नियमात बसेल अशी एक पकड करून दाखवा. मैदान तुमचं. नाही जमलं, तर उद्यापासून इथं पेटारे." त्यांनी वळूलाच निवडले, कारण वळू कुणावर दया करून हरत नाही.

चैतीचा जन्म याच वस्तीतला. मैदानाचा डावा कोपरा तिला जितका ठाऊक होता तितके स्वतःचे घरही नव्हते. संघात ती सर्वांत हलकी होती. तिच्या पकडी सर्वांत नेमक्या आणि सर्वांत निरुपयोगी होत्या.

"पाय रोव, पाय," शालनबाई घोरपडे रेषेबाहेरून म्हणाल्या. बाई मूळच्या सांगलीकडच्या. तरुणपणी त्या पृथ्वीवर मोठ्या संघातून खेळल्या होत्या, आता इथे चंद्रावरच्या मातीचा अभ्यास करत आणि मुलांना कबड्डी शिकवत. "घोटा धरल्यावर पाय रोवायचे आणि अंगाचा भार टाकायचा. किती वेळा सांगू?"

"भार टाकला होता बाई."

"मग गेला कुठं?"

संघात उजवीकडून खेळणारा झाकीर मुजावर म्हणाला, "पृथ्वीवर राहिला. इथं सहावा हिस्साच आलाय."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या मैदानात येऊन खाली बसल्या आणि त्यांनी वळूलाही बसायला सांगितले.

"झाकीर चेष्टेत बरोबर बोलला," त्या म्हणाल्या. "मीच इतके दिवस नीट ऐकलं नाही. चैती, तुझं वजन इथं कमी का?"

"चंद्राची ओढ कमी आहे म्हणून. पृथ्वीच्या एक षष्ठांश."

"आणि वळूचं वस्तुमान?" (वस्तुमान म्हणजे एखाद्या वस्तूत किती पदार्थ भरलेला आहे त्याचे माप.)

"ते पृथ्वीवर असतं तेवढंच. वस्तू कुठंही नेली तरी वस्तुमान बदलत नाही."

"म्हणजे धावता वळू थांबवायला जोर लागणार तेवढाच. पण आपला पाय जमिनीला चिकटून राहतो तो घर्षणामुळे." (घर्षण म्हणजे एकमेकांवर टेकलेल्या दोन पृष्ठभागांचा घसरण्याला होणारा विरोध.) "आपण जमिनीवर जितके जोरात दाबले जातो तितकं घर्षण जास्त. इथं वजन सहावा हिस्सा, तर घर्षणही सहावा हिस्सा. थांबवायचा बैल तेवढाच, आणि उभं राहायचं बर्फावर." बाईंनी कपाळावरचे केस मागे सारले. "आजपासून पाय रोवायचे नाहीत. तीस वर्षं मी तेच सांगत आले. इथं ते खोटं आहे."

 चैतीने विचारले, "मग काय करायचं?"

"ते मलाही माहीत नाही. हरून बघू. पण हरलं की नुसतं उठायचं नाही. का हरलो ते सांगूनच उठायचं."

पुढच्या चढाईला तिघांनी हात गुंफून साखळी केली. वळू वळताच साखळीने त्याच्या कंबरेला मिठी घातली. त्याच क्षणी त्याने उडी मारली. पृथ्वीवर अशी उडी पापणी लवते तोवर संपते. इथे तो साखळीसकट वर उचलला गेला आणि चौघांचे ते गाठोडे संथपणे तरंगत मध्यरेषेपलीकडे जाऊन उतरले.

"तिघे बाद," वळू म्हणाला.

"एकटी चैती बाद होत होती तेच बरं होतं," झाकीर गाठोड्याच्या तळातून म्हणाला. "का हरलो सांगू? हवेत घर्षणच नाही. पाय कशाला टेकणार?"

"पण वेग कमी झाला होता," चैती म्हणाली. "एकटीला नेलं तेव्हा तो झपकन गेला. या वेळी तुम्ही कापसासारखे गेलात."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "वळूकडे संवेग होता." (संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. धावत्या वस्तूकडची ही शिदोरीच म्हणा.) "तुम्ही तिघे त्याला चिकटलात. तीच शिदोरी आता चौघांत वाटली गेली, म्हणून वेग उतरला. पण वाटून संपत नाही. दिशा तीच राहते, घराकडे, म्हणजे मध्यरेषेकडे."

मग सातही जण एकदम तुटून पडले. वळू नुसता बाजूला झाला. धावत सुटलेल्यांना थांबता येईना, कारण थांबायलाही घर्षणच लागते. एकेक जण मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे घसरत गेला आणि आपोआप बाद झाला. आत उरले दोघेच. चैती डावीकडून आणि झाकीर उजवीकडून झेपावले होते, आणि वळू मधून निसटल्यामुळे ते एकमेकांवरच आदळले होते.

"डोकं आहे का दगड?" झाकीर कपाळ चोळत म्हणाला.

चैती उत्तर द्यायचे विसरली. ती जमिनीवर बसून आजूबाजूला बघत होती.

"बाई, सगळे बाहेर गेले. आम्ही दोघंच आत कसे?"

बाई तिच्यासमोर येऊन बसल्या. त्या वाट बघत होत्या.

"मी इकडून जात होते, हा तिकडून येत होता. आदळलो, एकमेकांना धरलं आणि जागच्या जागी खाली आलो. पाय रोवले नव्हते." ती थांबली. "त्याची शिदोरी एका दिशेची आणि माझी उलट्या. दोन्ही मिळून शून्य."

"म्हणजे?"

"वळूला मागून ओढायचं नाही. तो घराकडे निघाला की घराकडूनच त्याच्या अंगावर जायचं."

"आणि तू तर कोपऱ्यात, त्याच्या मागे," बाई शांतपणे म्हणाल्या. "कोपरा सोडशील?"

चैतीने डाव्या कोपऱ्याकडे पाहिले. "सोडीन," ती म्हणाली, पण लगेच नाही.

तिला उजव्या बाजूला, मध्यरेषेजवळ आणले. मग नवी अडचण पुढे आली. ती वळूपेक्षा हलकी, तेव्हा तिला वेग त्याच्याहून जास्त हवा होता. आणि घसरड्या जमिनीवर एकदम वेग घेता येत नाही. त्यावरही साखळीचाच उपाय निघाला. झाकीर आणि दोघे हात गुंफून उभे राहायचे, चैती त्यांच्या मांड्यांवर पाय देऊन स्वतःला सोडायची. तिघांचे मिळून वस्तुमान मोठे, म्हणून ते जेमतेम मागे सरकायचे, आणि ती मात्र गोफणीतल्या दगडासारखी सुटायची.

दुपारभर ती चुकत राहिली. लवकर सुटली की वळू वाकून खालून निघून जायचा. उशिरा सुटली की त्याचा रिकामा वारा तिच्या हाती यायचा. एकदा ती थेट भिंतीवर गेली. दर वेळी ती उठण्याआधी कारण सांगायची. शेवटी तिला एक गोष्ट दिसली. वळू उडी मारण्याआधी दोन्ही गुडघे वाकवतो, आणि एकदा पाय सुटले की हवेत त्याला दिशा बदलता येत नाही.

"म्हणजे त्याला उडी मारू द्यायची," ती म्हणाली.

"सकाळी आपण त्याच उडीला घाबरत होतो," झाकीर म्हणाला.

पाच वाजता सबनीस आले. त्यांच्यामागून बियाण्यांचे पेटारे ढकलगाडीवर आले आणि दाराबाहेर थांबले. दोन पंच रेषेशी बसले. चढाया तीनच ठरल्या होत्या.

पहिल्या चढाईत चैती हललीच नाही, वळू एकाला शिवून सुखरूप परत गेला. दुसरीत ती क्षणभर आधी सुटली आणि शेवटच्या रेषेपाशी जाऊन पडली. बाईंनी तिच्याकडे पाहिले.

"गुडघे बघायच्या ऐवजी त्याचं तोंड बघत होते," चैती म्हणाली आणि परत साखळीपाशी गेली.

तिसऱ्या चढाईत वळू खोल आत शिरला, रिकाम्या डाव्या कोपऱ्याकडे. तिथून वळला, धावला, गुडघे वाकले, पाय सुटले. त्याच क्षणी चैतीने साखळीला लाथ दिली.

आदळल्याचा आवाज फारसा झाला नाही. तिने त्याच्या कंबरेला मिठी घातली आणि दोघे हवेत थबकले, जणू कुणी खुंटीला टांगले. मग सावकाश खाली येऊ लागले. झाकीर आणि बाकीचे धावत येऊन वरून बिलगले. पण खाली येता येता वळूने उजवा हात लांब केला, आणि त्याची बोटे मध्यरेषेपाशी टेकली. रेषेवर टेकली असतील तर तो सुटला, अलीकडे असतील तर पकड पूर्ण, पण कुणालाच नीट दिसले नाही.

"वळू, बोट लागलं का रे?" झाकीरने विचारले.

"मला बोटांनी स्पर्श कळत नाही," वळू म्हणाला. "पेटारे उचलायला तेवढी गरज नव्हती."

पंचांनी चित्रण मागवले. सबनीस चैतीपाशी आले.

"तो मधेच थांबला कसा?"

"थांबवला नाही काका. त्याच्याकडे जेवढं होतं तेवढंच उलट्या बाजूनं आणलं."

सबनीसांनी मान हलवली आणि मैदानाकडे पाहिले. तिथे तीन लहान मुलांनी हात गुंफले होते आणि चौथी त्यांच्या मांड्यांवर पाय देऊन उभी होती. ती सुटली, पडली आणि पडल्या पडल्याच मोठ्याने सांगू लागली की आपण का पडलो.

सहा वाजले तेव्हा पंच तेच चित्र पुन्हा पुढे-मागे करून पाहत होते. पेटारे दाराबाहेरच होते.