गुरुवारचे पीच

व्हर्लीनने पीच दाबून बघितला, एवढंच. तेही अंगठ्याने, अगदी हलकेच... आणि पेट्यांच्या मागून आवाज आला,

"दुखतं त्याला."

ती अशी दचकली की पीच हातातून सुटला आणि फळीवरून गडगडत थेट त्या बोलणाऱ्याच्या बुटापाशी जाऊन थांबला. वर बघते तर — वेन्डल. मिस ओपलचा भाचा.

आता एक लक्षात घ्या. अख्खा उन्हाळा व्हर्लीनने या माणसाची फक्त मान बघितली होती. मेकन शहराहून तो आत्याकडे आलेला, पीचच्या हंगामापुरता बागेत कामाला; उजाडायच्या आत जायचा आणि अंधार पडल्यावर परत. रविवारी चर्चमध्ये तो पुढे बसायचा आणि ही त्याच्या मागे तीन बाक सोडून. ती मान हिला पाठ झाली होती. डाव्या कानामागचा तीळ, शनिवारी कापलेले केस, कडक इस्त्रीची कॉलर, सगळं. पण चेहरा? असा दोन हातांवर, तोही हसणारा? त्याची तिने काहीच तयारी केली नव्हती.

बागेच्या टपरीवर रोज बसणारा म्हातारा त्या दिवशी पाठ धरून घरी पडला होता, म्हणून हा बसला होता. नाहीतर काही घडलंच नसतं.

"पीच दाबायचा नसतो," तो म्हणाला. "देठापाशी नाक न्यायचं. तो स्वतःच सांगतो." मग त्याने तीन पेट्या दाखवल्या. या आजच्या, या उद्याच्या आणि त्या कोपऱ्यातल्या, दगडासारख्या, त्या गुरुवारच्या. "तुम्हाला कधीचे हवेत?"

"उद्याचे," व्हर्लीन म्हणाली. आणि 'उद्या' म्हणताना तिचा चेहरा असा उतरला असणार, की तो हसायचा थांबला.

उद्या ऑगस्टचा तिसरा रविवार होता. होमकमिंग. म्हणजे आमच्या चर्चचं माहेरपणच. अटलांटा, शिकागो, कुठे कुठे गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात, आणि प्रवचन आटोपलं की ओकच्या सावलीत लांबलचक टेबलं लागतात. त्या टेबलाच्या एका टोकाला एकोणीस वर्षं व्हर्लीनच्या आईचं, मिस जुनेलचं (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात) पीच कॉबलर असायचं. खाली साखरेच्या पाकात शिजलेले पीच आणि वर बिस्किटं. चहात बुडवायची नाहीत हो, ताकात भिजवलेल्या पिठाची, ढगासारखी फुगलेली. आणि दुसऱ्या टोकाला मिस ओपलचं कॉबलर, वर कुरकुरीत पट्ट्यांची जाळी. एकोणीस वर्षं दोघी एकमेकींच्या डिशमधलं चमचाभरही खात नव्हत्या, फक्त कोणाची आधी रिकामी होते ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होत्या.

यंदा मिस जुनेलने मागच्या पायरीवरून घसरून मनगट मोडून घेतलं होतं. म्हणजे कॉबलर व्हर्लीनच्या गळ्यात. आणि व्हर्लीनचा हात कसा, तर तिने अंडं उकडलं तरी खाली लागायचं.

हे सगळं तिने वेन्डलला सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. तो पीच एकेक करून पिशवीत ठेवत होता, जणू झोपलेली पिल्लं उचलतोय, आणि ऐकत होता. शेवटी त्याने दोन पीच वरून जास्तीचे घातले.

"हे कशाला?"

"चुकायला," तो म्हणाला. "चुकायला जागा असली की हात थरथरत नाही. उद्या मी तुमची डिश शोधीन. खाली चिकटपट्टीवर नाव असतं ना?"

"उचलून बघणार? भरलेली डिश? तुमच्या आत्यांसमोर?"

"तेव्हा रिकामी असेल," तो म्हणाला.

झालं. त्या एका वाक्यावर व्हर्लीन घरापर्यंत चालत आली की उडत आली, तिलाच आठवत नाही. आणि घरी पोचल्यावर लक्षात आलं... आधी फक्त चर्चची भीती होती. आता त्याचीही.

रविवारी ती पाच वाजता उठली. पीच रात्रीच चिरून साखरेत घातले होते, त्यांना सुंदर रस सुटला होता. जायफळ किसलं, लिंबू पिळलं. डब्यातलं पीठ घेतलं, त्यात थंड लोणी बोटांनी चोळलं, ताक ओतलं, चमच्याने गोळे सोडले, डिश ओव्हनमध्ये. आई खुर्चीवर, प्लास्टरचा हात उशीवर, हुकूम सोडतेय. लोणी वितळू देऊ नकोस. पीठ तिंबू नकोस, कपडे धुतेयस का? ओव्हनचं दार उघडू नकोस, व्हर्लीन, दार.

सव्वासहाला दार उघडलं.

बिस्किटं फुगलीच नव्हती. रंग आला होता, वासही बरा होता, पण चपट्या, टणक... फरशा. व्हर्लीनने सुरी टोचली तर टक् आवाज आला.

 आई उठली, डब्यातलं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. "खारट नाही," ती म्हणाली. "साधं पीठ आहे. लुसील."

आमच्याकडे पीठ म्हणजे फुगणारंच पीठ. सोडा-मीठ दुकानातूनच मिसळून येतं. जन्मात त्या डब्यात दुसरं काही पडलं नव्हतं, म्हणून डब्यावर नाव नाही आणि घरात वेगळी बेकिंग पावडरही नाही. हात मोडल्यावर मदतीला आलेली लुसील मावशी मात्र केकवाली. तिने आपलं साधं पीठ आणलं, भाचीच्या सोयीसाठी डबा काठोकाठ भरला, आणि सगळ्यांना पापे देऊन परत गेली.

रविवार. दुकानं बंद. हाकेच्या अंतरावर चूल पेटलेलं घर एकच, कुंपणापलीकडे मिस ओपलचं.

आई म्हणाली, त्या बाईच्या दारात वाटी घेऊन गेलीस तर मी आज चर्चला येणार नाही. पुढेही कधी नाही. टेबलावर रिकामी डिश ठेवीन, पण ओपलचं पीठ... आणि मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "एकोणीस वर्षं, पोरी," ती म्हणाली, आणि कपडे बदलायला आत गेली.

व्हर्लीनने आईला तसं बारीक झालेलं कधी बघितलं नव्हतं. तिने वाटी घेतली.

वेन्डल अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. झग्यावर ॲप्रन, केसांत कर्लर, हातात वाटी, अशी ती कुंपणापाशी उभी. मेली तरी चालेल असं तिला वाटत होतं. तिने सांगितलं — अर्धं सांगितलं, अर्धं गिळलं. तो काही हसला नाही. त्याने एकदा आत्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं, बूट काढले आणि मोज्यांवर मागच्या दाराने आत गेला.

 आत मिस ओपल स्तोत्र गुणगुणत होत्या. गुणगुणणं थांबलं... पुन्हा सुरू झालं. वेन्डल कागदी पिशवी छातीशी धरून बाहेर आला, आणि आला तो बूट घालून सरळ हिच्या स्वयंपाकघरातच.

मग काय धांदल. तिने चमच्याने फरशा उपटून काढल्या. थोडे पीच त्यांना चिकटून गेलेच, म्हणून त्याने ते जास्तीचे दोन उचलले आणि खिशातल्या चाकूने सोलले, साल अखंड, एका फितीत. ती पिठात लोणी चोळत होती. दोघांची कोपरं लागत होती. आतून आईचा आवाज, कोण आहे तिथे? "कोणी नाही, ममा."

"मी कोणी नाही?" त्याने हळूच विचारलं.

"आत्ता कोणी नाहीस."

तुम्ही कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"हात कापतोय तुझा."

"ताक थंड आहे."

डिश ओव्हनमध्ये गेली. आणि मग करायला काहीच उरलं नाही, ते जास्त अवघड. तो सिंकपाशी हात धूत होता, तिच्याकडे ती ओळखीची मान करून. "उद्या दुपारी बाराच्या बसने जायचंय," तो म्हणाला. "मेकनला. हंगाम संपला." मग म्हणाला, "बागेचा मालक म्हणतोय, हिवाळ्यात छाटणीला थांब. मी अजून हो म्हटलं नाही."

"का?"

"थांब असं कोणी म्हटलं नाही."

"मालकांनी म्हटलं ना."

"मालक सोडून."

व्हर्लीनने तोंड उघडलं. शब्द होता, अगदी ओठांवर होता, दोन अक्षरं फक्त... आणि आतून आई ओरडली, एका हाताने बटण लागत नाहीये, ये इकडे. ती गेली. परत आली तेव्हा दार उघडं होतं, आणि कट्ट्यावर पीचच्या सालीची फीत तेवढी पडलेली.

बिस्किटं फुगली होती. काय फुगली होती. आईने डिश बघितली, एकदा कुंपणाकडे बघितलं आणि चर्चची टोपी डोक्यावर चढवली.

एक वाजता टेबलाच्या आपल्या टोकाला डिश मांडून व्हर्लीन मागे सरली आणि ॲप्रन नसताना ॲप्रनला हात पुसायला लागली. लोक येत होते, चमचा घालत होते. शिकागोचे कोणी काका दुसऱ्यांदा आले. आई पंख्याने वारा घेत होती, पण पंखा हलत नव्हता.

आणि मग मिस ओपल आल्या. टेबलाच्या त्या टोकाहून या टोकाला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. टोपीवरची पिसं हलतायत, हातात बशी. त्यांनी एक चमचा घेतला, उभ्याउभ्याच खाल्ला. आजूबाजूचं बोलणं आपोआप बंद पडलं.

"जुनेल," त्या म्हणाल्या, "यंदा फार हलकं झालंय."

"लेकीचा हात आहे," आई म्हणाली.

"हात लेकीचा असेल. पीठ माझं आहे." मिस ओपलनी शांतपणे दुसरा चमचा घेतला. "सकाळी साडेसहाला माझा डबा दोन वाट्या खाली गेला. घरात एकच माणूस मोज्यांवर फिरत होता. उन्हाळाभर भाच्याला पोसलं, आणि आता तो माझ्या घरातून तुझ्या घरात पीठ पोचवतो."

सगळे असे हसले की कावळे उडाले. आईने व्हर्लीनकडे बघितलं. व्हर्लीनने गवताकडे. गाल इतके तापले होते की त्यावर कॉबलर भाजलं असतं. कोणीतरी वेन्डलच्या पाठीवर थाप मारली, कोणीतरी विचारलं, पीठच पोचवलंस की आणखी काही? ती नजर वर करेपर्यंत तो तिथे नव्हता.

आणि पाच मिनिटांनी डिशही नव्हती.

तिने सगळ्या टेबलांखाली बघितलं, मोटारींच्या डिक्क्या बघितल्या, धुवायच्या भांड्यांत हात घातला. आईची डिश, आजीकडून आलेली, कडेला निळी रेघ. घरी जाताना आई डिशबद्दल रागावली नाही. ती फक्त म्हणाली, "माझ्यासाठी गेलीस ना त्या दारात?" आणि चांगल्या हाताने तिचा हात धरून ठेवला. ते बरं वाटलं. पण ते दुसरं... त्याला कसं बरं वाटणार? चारचौघांत हसं झालं त्याचं, तिच्यापायी. तो जाणारच. आणि तिने साधं थांबसुद्धा म्हटलं नव्हतं.

सोमवारी सकाळपासून ती खिडकीपाशी वाटाणे सोलत होती. अकरा. साडेअकरा. वाटलं धावत जावं, चौक दहा मिनिटांवर. उठली, बसली. जाऊन म्हणायचं काय? कोण म्हणून? पावणेबाराला ती खरंच उठली, चपला घातल्या, पायरीपर्यंत गेली आणि तेवढ्यात चौकातून बसचा भोंगा ऐकू आला. मग इंजिनची घरघर, चढावर गिअर बदलल्याचा आवाज, मग काहीच नाही. आज बस लवकर आली होती.

ती पायरीवरच बसली. वाटाणे आत तसेच. किती वेळ बसली ठाऊक नाही.

"ही कुणाची?"

कुंपणापाशी तो उभा होता. हातात निळ्या रेघेची डिश, धुतलेली, वर पंचा झाकलेला.

"बस गेली," ती म्हणाली. एवढंच सुचलं.

"ऐकली मी पण." तो जवळ आला. "उचलून नाव बघायचं होतं, सांगितलं होतं ना. मग हातात होती तशीच घरी नेली. आत्या म्हणाली, डिश कधी रिकामी परत करायची नसते. म्हणून बागेत गेलो." त्याने पंचा बाजूला केला.

पीच होते. हंगामातले शेवटचे, हिरवट, दगडासारखे टणक. व्हर्लीनने एक उचलला. अंगठा दाबणार होती, थांबली आणि देठापाशी नाक नेलं. काहीच वास नव्हता. अजून नव्हता.

"हे आज खाता येणार नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"उद्याही नाही."

"गुरुवारचे आहेत," वेन्डल म्हणाला. डिश तिच्या मांडीवर ठेवून तो सरळ झाला, टोपी हातात फिरवली.  मग तो वळला, आणि पुन्हा ती मान तिच्यासमोर आली. तो तीळ, ती कॉलर. कालची नव्हे, आज पुन्हा इस्त्री केलेली.

"थांब," व्हर्लीन म्हणाली.

तो थांबला. मागे वळला नाही. "किती?"

"गुरुवारपर्यंत," ती म्हणाली. आता तिला थांबायचं नव्हतं. "मग छाटणी आहे. मग मोहोर येतो... आणि मग पुन्हा हंगामच सुरू होतो."

तेव्हा तो वळला. आणि त्या चेहऱ्याची तयारी तिने अजूनही केलेली नव्हती.

जाळीच्या दाराआडून आईचा आवाज आला. बराच वेळ तिथेच उभी असणार.

"गुरुवारी यायचं तर ये, बाबा. पण पीठ आधी चाखून घ्या दोघांनी."