हिरव्या टेबलाची लोकर

एकोणऐंशी सालचा डिसेंबर. चिकलठाण्याला तेव्हा नवनवे भोंगे ऐकू येऊ लागले होते, आणि तिथल्याच एका कारखान्याच्या क्लबात स्नूकरची राज्य मानांकन स्पर्धा भरली होती. क्लबात टेबल एकच. त्यावर ताणून बसवलेलं हिरवं कापड झाडायचं काम सुगंधाबाईचं.

कापड लोकरीचं होतं. जन्म मेंढरांमागं गेलेल्या सुगंधाबाईच्या बोटांना ते पहिल्याच दिवशी कळलं. रोज सकाळी ती एकाच दिशेनं ब्रश फिरवी, लव निजेल असा. उलटा हात फिरला की बॉल भरकटतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

तिचा मुलगा सूर्यभान याच कारखान्यात बदली कामगार. जेवणाच्या सुट्टीत खेळ शिकला, पण बॉल त्याच्या शब्दाबाहेर जात नसे. मोठ्या साहेबांनी कबूल केलं होतं : पहिल्या आठांत ये, तुला कायम करतो.

"माय, मी कायम झालो की तू कामावर यायचं नाय."

"मंग टेबल कोण झाडील? तुझी बायको? आधी आण तर खरं!"

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी बॉल जड झाले. भोकाच्या तोंडाशी येत आणि थबकत. खेळाडू चिडले, सूर्यभान कसाबसा एक सामना जिंकला. तिसऱ्या सकाळी सुगंधाबाईचा ब्रश कापडात अडकला. लव नखभर वाढली होती.

मुंबईहून आलेले पंच चष्मा पुसत म्हणाले, "दमट हवेनं फुगलं असेल."

"डिसेंबरात? औरंगाबादेत?" क्लब सांभाळणारा कचरू म्हणाला. घोषणा देऊन त्याचा घसा पार बसला होता. विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहरात मोर्चे निघत होते, एस.टी. बंद होती, आणि नवं कापड घेऊन निघालेला फिटर नगरलाच अडकला होता.

"दुपारी दोनपर्यंत टेबल नीट झालं नाही, तर स्पर्धा रद्द," पंच म्हणाले. "मानांकन कुणालाच मिळणार नाही."

सूर्यभान मटकन बाकावर बसला.

सुगंधाबाईनं पदर खोचला. "सायेब, ह्याला कातरायला झालंय."

क्लबभर हशा पिकला.

"बाई, ही काय मेंढी आहे?"

"हात तर लावून बघा."

पंचांनी तळवा टेकवला. झटकन मागं घेतला. कापड ऊबदार होतं. त्यांचं हसू गेलं.

"करा," ते हळूच म्हणाले.

सूर्यभाननं सायकल हाणली आणि चुलता मल्हाररावाकडून मेंढरं कातरायची कातर आणली. सुगंधाबाई टेबलावर ओणवली. डावा हात कापडावर, उजव्या हातात कातर. जिभेनं ट्क-ट्क आवाज करत, चुचकारत, ती मानेकडून शेपटाकडं जावं तशी निघाली. लोकरीचा अखंड हिरवा पापुद्रा सुटत गेला.

"वहिनी, माझी बी हजामत उरकून घ्या!" कचरू ओरडला. सगळे पुन्हा हसले. त्यानं पोतं पसरलं. पोतं भरलं. दुसरं आणावं लागलं.

दोनाच्या ठोक्याला पंचांनी पांढरा बॉल सोडला. पाण्यावरून गेल्यासारखा तो पार पलीकडं गेला.

मग सूर्यभान जो खेळला! लाल, काळा, लाल, गुलाबी. लोक खिडक्यांच्या गजांना लटकून बघत होते. शेवटचा काळा बॉल भोकात पडला आणि पंचांनी नाव पुकारलं. आठवा क्रमांक. बसल्या घशानं कचरू एवढ्या मोठ्यानं ओरडला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पोरांनी सूर्यभानला खांद्यावर घेतलं आणि वाजतगाजत आवारात नेलं.

"माय, ये ना! पेढे आलेत!"

"आले रे!"

सुगंधाबाई एकटीच मागं राहिली. डोळे पुसले. जाता जाता टेबलावर हात ठेवला.

कापड थरथरत होतं.

वाऱ्यात उभं केलेलं, नुकतंच कातरलेलं जनावर थरथरतं, तसं.

"थंडी वाजती व्हय?" असं म्हणून तिनं खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि त्यावर पांघरलं.

हळूहळू थरथर थांबली.

बाहेर ताशा वाजत होता. आणि आठ गड्यांनाही न हलणारं ते टेबल फरशीवरून आवाज न करता सरकलं, आणि अलगद तिच्या मांडीला येऊन टेकलं.